२,१४,७४,८३,६४७ : यूट्यूबच्या काउंटरपासून २०३८ सालापर्यंत सगळीकडे भेटणारी ही मूळ संख्या आहे तरी काय?

एखाद्या गेममध्ये नाणी जमवत जमवत तुम्ही एका आकड्यावर येता आणि त्यापुढे काही केल्या नाणी वाढत नाहीत. एखाद्या वेबसाइटच्या डेटाबेसमध्ये शेकडो ग्राहकांचा मोबाइल नंबर एकच दिसतो. एखाद्या बातमीत वाचायला मिळतं की २०३८ सालच्या जानेवारीत जुनी यंत्रं तारीख विसरतील. या तिन्ही ठिकाणी आकडा एकच असतो : २१४७४८३६४७.

आपल्या पद्धतीने वाचायचा तर दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. दिसायला अगदीच वेडावाकडा. पण याच आकड्यासाठी अठराव्या शतकातल्या एका थोर गणितज्ञाने हाताने भागाकार केले होते आणि पुढे जवळपास शंभर वर्षं ही जगातली सर्वांत मोठी माहीत असलेली मूळ संख्या होती. या लेखात आपण तिचं गणित समजून घेऊ, ती कॉम्प्युटरमध्ये कुठून आली ते पाहू आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी किती संबंध आहे तेही तपासू.

एका नजरेत

- संख्या : २,१४,७४,८३,६४७ (दहा अंकी)
- सूत्र : २ चा ३१ वा घात वजा १, म्हणजे २^३१ − १
- प्रकार : मूळ संख्या, मर्सेन मूळ संख्यांमध्ये आठवी
- मूळ असल्याचं सिद्ध केलं : लेओनार्ड ऑयलर, १७७२ पर्यंत
- द्विमान पद्धतीत : ओळीने ३१ वेळा १
- आधीची मूळ संख्या : २,१४,७४,८३,६२९, नंतरची : २,१४,७४,८३,६५९
- कॉम्प्युटरमध्ये : ३२ बिटच्या चिन्हासहित पूर्णांकाची कमाल मर्यादा

आधी उजळणी : मूळ संख्या म्हणजे काय?

जिला फक्त १ ने आणि स्वतःनेच निःशेष भाग जातो, ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११, १३ या मूळ संख्या. १२ ला २, ३, ४, ६ ने भाग जातो, म्हणून ती संयुक्त संख्या. १ ही मूळही नाही आणि संयुक्तही नाही. शाळेत एवढं झालेलं असतं.

एखादी संख्या मूळ आहे का हे तपासायची सर्वांत साधी पद्धत म्हणजे लहान संख्यांनी भागून पाहणं. यात एक सवलत मिळते. संख्येच्या वर्गमूळापर्यंत भागून पाहिलं की पुरे, कारण एक विभाजक वर्गमूळापेक्षा मोठा असेल तर त्याचा जोडीदार लहान असणारच.

आपल्या संख्येचं वर्गमूळ आहे ४६,३४० च्या थोडं पुढे. तिथपर्यंत ४,७९२ मूळ संख्या आहेत. म्हणजे हाताने तपासायचं तर या दहा अंकी संख्येला ४,७९२ वेळा भागायला हवं. आजचा कोणताही फोन हे काम पापणी लवायच्या आत करतो. पण कागद आणि दौत-टाक घेऊन बसलेल्या माणसासाठी हे कित्येक आठवड्यांचं काम आहे आणि मध्ये एक जरी भागाकार चुकला तरी निष्कर्ष वाया.

मर्सेन संख्या : १, २, ४, ८ ची साखळी

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार अशी दुप्पट करत जाण्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पहिल्या ३१ घरांतल्या सगळ्या दाण्यांची बेरीज बरोबर २,१४,७४,८३,६४७ येते. दुपटीच्या साखळीची बेरीज नेहमी पुढच्या पदापेक्षा एकने कमी असते : १ + २ + ४ = ७, म्हणजे ८ वजा १.

अशा '२ चा घात वजा १' प्रकारच्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. मारँ मर्सेन हा फ्रान्समधला धर्मगुरू आणि गणितज्ञ. त्याने १६४४ मध्ये एक यादी दिली : २५७ पर्यंतचे कोणते घातांक घेतले तर उत्तर मूळ संख्या येते? त्याची यादी होती २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. नंतरच्या काळात कळलं की ६७ आणि २५७ चुकीचे आहेत आणि ६१, ८९, १०७ हे त्याच्या यादीतून निसटले आहेत. ३१ मात्र बरोबर होता.

इथे एक नियम लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडणार आहे. घातांक संयुक्त असेल तर मर्सेन संख्याही संयुक्तच असते. उदाहरणार्थ, ६ ला ३ ने भाग जातो, म्हणून २^६ − १ = ६३ ला २^३ − १ = ७ ने भाग जातोच. पण उलटं खरं नाही. घातांक मूळ असला म्हणजे उत्तर मूळ असेलच याची हमी नाही. ११ मूळ आहे, पण २^११ − १ = २,०४७ = २३ × ८९.

याच जागी अनेकजण फसले. इटलीच्या पिएत्रो कताल्दीने १७ आणि १९ या घातांकांसाठी संख्या मूळ असल्याचं दाखवलं. त्यापुढे २३, २९, ३१ आणि ३७ यांचीही उत्तरं मूळच आहेत असा दावा त्याने केला. २३ आणि ३७ चा दावा पिएर द फर्माने १६४० मध्ये खोडून काढला, २९ चा दावा ऑयलरने. चारपैकी एकच खरा ठरला, तो ३१ चा. पण खरा असणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. ते काम बाकी होतं.

ऑयलरची युक्ती : ४,७९२ भागाकार शंभराच्या आत कसे आले?

लेओनार्ड ऑयलर हा मूळचा स्वित्झर्लंडचा. त्याचं बरंचसं काम रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये झालं. २^३१ − १ ही मूळ संख्या असल्याचं त्याने १७७२ च्या सुमारास बर्नुलीला लिहिलेल्या पत्रात कळवलं. या काळात ऑयलरची दृष्टी जवळपास पूर्ण गेलेली होती.

त्याने सगळे भागाकार केले नाहीत. आधी त्याने विचारलं : या संख्येला विभाजक असलाच, तर तो कसा दिसेल?

हे समजायला छोटं उदाहरण घेऊ. २,०४७ (म्हणजे २^११ − १) चा एक विभाजक २३ आहे. आता २ चे घात घेत जा आणि प्रत्येक वेळी २३ ने भागून फक्त बाकी लिहा :

२, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, १

अकराव्या पायरीवर बाकी १ आली. पुढे पुन्हा २, ४, ८ अशीच रांग सुरू होणार. घड्याळाच्या काट्यासारखं हे चक्र ११ पायऱ्यांचं आहे. फर्माचं एक प्रसिद्ध प्रमेय सांगतं की २३ सारख्या मूळ संख्येसाठी २२ व्या पायरीवर (एकने कमी) बाकी १ यायलाच हवी. म्हणजे ११ पायऱ्यांचं चक्र २२ मध्ये पूर्ण वेळा बसलंच पाहिजे. म्हणून २३ वजा १ ला ११ ने भाग जातो. दुसरा विभाजक ८९ : त्यातून १ वजा केला की ८८, त्यालाही ११ ने भाग जातो.

हाच तर्क ३१ ला लावा. २^३१ − १ ला एखाद्या मूळ संख्येने भाग जात असेल, तर त्या संख्येतून १ वजा केल्यावर ३१ ने भाग गेला पाहिजे. शिवाय ती विषम असल्याने वजा एकनंतर ती सम होते, म्हणजे २ नेही भाग जातो. थोडक्यात, ६२ ने भागल्यावर बाकी १ उरली पाहिजे. ३, ५, ७, ११, १३ वगैरे बहुतेक उमेदवार एका फटक्यात बाद!

यावर आणखी एक चाळणी आहे. अशा विभाजकाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरू शकते. दोन्ही अटी एकत्र केल्या की विभाजक फक्त दोन साच्यांतला असू शकतो : २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा बाकी ६३.

४६,३४० पर्यंत १ सोडून अशा ३७३ संख्या भरतात. त्यातल्या संयुक्त संख्या वगळल्या तर उरलेले उमेदवार शंभराहूनही कमी. ऑयलरने ते तपासले, एकानेही भाग गेला नाही आणि संख्या मूळ ठरली. त्यानंतर १८६७ पर्यंत याहून मोठी मूळ संख्या कुणालाही माहीत नव्हती.

आकडेमोडीचा वेग वाढवण्याऐवजी आकडेमोडच कमी करणं, हे या पद्धतीचं सार. आजही प्रचंड मोठ्या मर्सेन संख्या शोधताना सुरुवातीची चाळणी याच दोन अटींनी लावतात.

आता फक्त २९ पायऱ्या

ऑयलरनंतर आणखी चांगली पद्धत आली. फ्रान्सच्या एदुआर लुकासने एकोणिसाव्या शतकात ती शोधली आणि अमेरिकेच्या डेरिक लेहमरने नंतर तिला आजचं रूप दिलं. म्हणून तिला लुकास–लेहमर कसोटी म्हणतात. कृती अगदी सोपी :

१. ४ पासून सुरुवात करा.
२. संख्येचा वर्ग करा, २ वजा करा.
३. ज्या मर्सेन संख्येची परीक्षा घ्यायची तिने भागून बाकी ठेवा.
४. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा हे करा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त.

२^५ − १ = ३१ साठी करून पाहा. ४ चा वर्ग १६, वजा २ म्हणजे १४. १४ चा वर्ग १९६, वजा २ म्हणजे १९४. ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २ म्हणजे ६२. ३१ ने भागून बाकी शून्य. तीन पायऱ्या, निकाल पक्का : ३१ मूळ आहे. २^३१ − १ साठी याच २९ पायऱ्या पुरतात. विभाजक शोधायची गरजच नाही.

ही सोय फक्त मर्सेन संख्यांना आहे, म्हणून 'सर्वांत मोठी मूळ संख्या' अशी बातमी येते तेव्हा ती बहुतेक वेळा मर्सेन संख्याच असते. कोणत्याही साच्यात नसलेल्या संख्येसाठी वेगळ्या पद्धती लागतात. मूळ आहे की नाही हे कोणत्याही संख्येसाठी खात्रीने आणि वाजवी वेळात ठरवता येतं, हे २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केलं.

परिपूर्ण संख्या आणि एक फसलेलं भाकीत

६ चे स्वतःहून लहान विभाजक १, २, ३; त्यांची बेरीज ६. २८ चे १, २, ४, ७, १४, बेरीज २८. अशा संख्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. प्रत्येक मर्सेन मूळ संख्येपासून एक परिपूर्ण संख्या तयार होते, हे युक्लिडच्या काळापासून माहीत आहे. आपल्या संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणलं की मिळते :

२३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८

इंग्लंडच्या पीटर बार्लोने १८११ च्या आपल्या पुस्तकात या संख्येबद्दल एक भाकीत केलं. याहून मोठी परिपूर्ण संख्या कधीच सापडणार नाही. कारण या संख्यांचा उपयोग काहीच नाही, त्या नुसत्या कुतूहलाच्या, तेव्हा आणखी मोठी शोधायचा खटाटोप कोण करणार, असा त्याचा सूर होता. पण लुकासने १८७६ मध्ये २^१२७ − १ मूळ असल्याचं सिद्ध केलं आणि कितीतरी मोठी परिपूर्ण संख्या हाती आली. उपयोगाचं म्हणाल तर त्याबद्दलचं उत्तर पुढे येतंच आहे.

ही संख्या कॉम्प्युटरमध्ये कशी घुसली?

कॉम्प्युटर सगळं काही ० आणि १ मध्ये लिहितो. अशा एका जागेला बिट म्हणतात. बरीच वर्षं संख्या ठेवण्यासाठी ३२ बिटची खोली ही नेहमीची सोय होती. त्यातला पहिला बिट संख्या धन आहे की ऋण हे सांगायला जातो. उरतात ३१. त्या सगळ्या जागी १ भरला की सर्वांत मोठी धन संख्या मिळते आणि ती असते २^३१ − १.

आता यात आणखी १ मिळवला तर? जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा आकडा ९९९९९ नंतर ०००००वर यायचा, तसंच काहीसं होतं. फरक इतकाच, की इथे हातचा १ थेट चिन्हाच्या बिटमध्ये जाऊन बसतो आणि संख्या शून्यावर न येता बहुतेक यंत्रांत सरळ −२,१४,७४,८३,६४८ होते. सर्वांत मोठ्या धन संख्येवरून एका पावलात सर्वांत मोठ्या ऋण संख्येवर!

मग मर्यादा मूळ संख्या आहे, यात काही योजना आहे का?

नाही. समाज माध्यमांवर अनेकदा असा समज दिसतो की कॉम्प्युटर बनवणाऱ्यांनी मुद्दाम मूळ संख्या निवडली. वस्तुस्थिती साधी आहे. बिट ८, १६, ३२, ६४ असे दुपटीने वाढत गेले, त्यातला एक चिन्हाला गेला आणि घातांक आपोआप ७, १५, ३१, ६३ असे आले.

- ८ बिट : २^७ − १ = १२७, मूळ.
- १६ बिट : २^१५ − १ = ३२,७६७ = ७ × ३१ × १५१, संयुक्त.
- ३२ बिट : २^३१ − १ = २,१४,७४,८३,६४७, मूळ.
- ६४ बिट : २^६३ − १ = ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७, संयुक्त; तिला ७, ७३, १२७, ३३७ अशा अनेक संख्यांनी भाग जातो.

१५ आणि ६३ हे घातांक संयुक्त असल्याने त्यांची उत्तरं संयुक्त असणं अटळच होतं. ३१ हा मूळ आहे आणि नशिबाने उत्तरही मूळ निघालं. या आकाराच्या संख्यांमध्ये सरासरी दर २१-२२ संख्यांमागे एक मूळ असते, त्यामुळे नुसतं मूळ असणं दुर्मीळ नाही. मर्सेन मूळ असणं मात्र खूपच दुर्मीळ आहे.

ही मर्यादा कुठे कुठे आडवी आली?

*ट्विटर, २००९.* प्रत्येक ट्वीटला एक क्रमांक असतो. जून २००९ मध्ये हा क्रमांक २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेला. ट्विटर चालू राहिलं, पण ज्या इतर कंपन्यांच्या अ‍ॅपनी क्रमांकासाठी ३२ बिटचीच जागा ठेवली होती, त्यातली काही अडखळली.

*यूट्यूब, २०१४.* 'गंगनम स्टाइल' या कोरियन गाण्याच्या व्हिडिओचे व्ह्यूज या मर्यादेपलीकडे गेल्याचं यूट्यूबने डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर केलं आणि काउंटर ६४ बिटचा केल्याचं सांगितलं. 'गंगनमने यूट्यूब मोडलं' अशा पोस्ट तेव्हा फिरल्या. प्रत्यक्षात काहीही मोडलं नव्हतं. अभियंत्यांनी हे आधीच ओळखून काही महिन्यांपूर्वीच बदल केलेला होता. काउंटरचा तो खेळ ही गंमत होती.

*बोइंग ७८७, २०१५.* हे मात्र गमतीचं नव्हतं. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने आदेश काढला की या विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर वीजनिर्मिती सांभाळणाऱ्या यंत्रणेतला एक सॉफ्टवेअर काउंटर भरून वाहू शकतो आणि विमानाचा मुख्य वीजपुरवठा जाऊ शकतो. ठरावीक काळाने वीज पूर्ण बंद करून पुन्हा चालू करायचा उपाय सांगितला गेला. सेकंदाचा शंभरावा भाग हे एकक धरून मोजलं, तर २,१४,७४,८३,६४७ हा आकडा २४८ दिवस आणि सुमारे १३ तासांत गाठला जातो. त्यामुळे दोष कुठे असावा याचा अंदाज जाणकारांनी लगेच बांधला. (ऑयलरच्या चाळणीतही २४८ आला होता, पण तो ८ × ३१ होता, हा निव्वळ योगायोग.)

*आपले मोबाइल नंबर.* भारतातला मोबाइल नंबर दहा अंकी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. म्हणजे प्रत्येक भारतीय मोबाइल नंबर २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठाच आहे! नवशिक्या प्रोग्रामरने डेटाबेसमध्ये नंबरासाठी साधा ३२ बिटचा पूर्णांक निवडला, तर मायएसक्यूएलसारखी यंत्रणा, कडक तपासणी बंद असल्यास, प्रत्येक नंबराच्या जागी आपली कमाल मर्यादा लिहून मोकळी होते. सगळ्या ग्राहकांचा एकच नंबर दिसतो तो यामुळे. खरे नंबर परत मिळत नाहीत, कारण ते साठवलेच गेलेले नसतात. मोबाइल नंबर, पिन कोड, आधार क्रमांक यांची बेरीज-वजाबाकी कुणी करत नाही. त्यामुळे ते संख्या म्हणून न ठेवता अक्षरांसारखे मजकूर म्हणून साठवावेत.

१९ जानेवारी २०३८ ला काय होणार?

अनेक संगणक वेळ एका साध्या पद्धतीने मोजतात : १ जानेवारी १९७० च्या सुरुवातीपासून किती सेकंद झाले? जुन्या यंत्रणांमध्ये हे सेकंद ३२ बिटच्या खोलीत ठेवलेले असतात. ही खोली भरायला ६८ वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो.

भारतीय वेळेनुसार मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी हा आकडा २,१४,७४,८३,६४७ होईल. पुढच्याच सेकंदाला अशा यंत्रांचं घड्याळ डिसेंबर १९०१ मध्ये जाईल.

घाबरायचं कारण आहे का? तुमच्या खिशातल्या अलीकडच्या फोनबद्दल नाही. ६४ बिटच्या यंत्रणा सेकंद मोजायला ६४ बिट वापरतात आणि तेवढी जागा सुमारे २९२ अब्ज वर्षं पुरते. लिनक्सच्या गाभ्यात ३२ बिट यंत्रांसाठीचीही दुरुस्ती २०२० पर्यंत झाली आहे. खरी काळजी आहे ती एकदा बसवून विसरल्या जाणाऱ्या यंत्रांची : कारखान्यातले नियंत्रक, मीटर, जुने राउटर, वाहनांतले छोटे संगणक. यांचं सॉफ्टवेअर क्वचितच बदललं जातं आणि ती पंधरा-वीस वर्षं सहज चालतात.

शिवाय अडचण २०३८ मध्येच येईल असंही नाही. २०२५ मध्ये घेतलेल्या १५ वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता २०४० मध्ये येतो. भविष्यातली तारीख काढणारं सॉफ्टवेअर जुनं असेल, तर ते आजच चुकू शकतं.

मूळ असण्याचा खरा उपयोग : यादृच्छिक आकडे

मर्यादा म्हणून या संख्येचं मूळ असणं कामाचं नाही. पण दुसऱ्या एका कामात ते फारच सोयीचं ठरलं.

गेममधले फासे, गाण्यांचा शफल, हवामानाची प्रारूपं यांना यादृच्छिक, म्हणजे कोणताही क्रम न दिसणारे आकडे लागतात. लेहमरनेच सुचवलेली एक पद्धत अशी : हातातल्या संख्येला एका ठरावीक संख्येने गुणा, दुसऱ्या ठरावीक संख्येने भागा, बाकी ठेवा, पुन्हा तेच करा. १९६० च्या दशकाअखेरीस या पद्धतीसाठी भागायला २,१४,७४,८३,६४७ आणि गुणायला १६,८०७ (म्हणजे ७ चा ५ वा घात) ही जोडी निवडली गेली. १ पासून सुरू केलं तर आकडे येतात :

१६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३, ९८४९४३६५८...

भाजक मूळ असल्याने बाकी कधीच शून्य होत नाही, त्यामुळे साखळी तुटत नाही. आणि गुणक नीट निवडल्याने १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदा येऊन गेल्याशिवाय पहिली संख्या परत येत नाही. शिवाय संख्या ३२ बिटच्या खोलीत नेमकी बसते. स्टीफन पार्क आणि कीथ मिलर यांनी १९८८ मध्ये किमान दर्जा म्हणून याच जोडीची शिफारस केली आणि सी++ भाषेच्या प्रमाण संचात ती आजही आहे.

एक इशारा मात्र हवा. या पद्धतीतला एक आकडा कळला की पुढचे सगळे काढता येतात. त्यामुळे ओटीपी, पासवर्ड किंवा ऑनलाइन लॉटरीसाठी ती वापरू नये. गुप्ततेसाठी फार मोठ्या मूळ संख्या लागतात. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश कुलूपबंद करताना जी गणिती रचना वापरली जाते, तिच्या मुळाशी २^२५५ − १९ ही ७७ अंकी मूळ संख्या आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*ही आजही सर्वांत मोठी मूळ संख्या आहे का?*
नाही, १८६७ पासूनच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३,६२,७९,८४१ − १ ही संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे. 'गिम्प्स' या स्वयंसेवी प्रकल्पात ती सापडली. मूळ संख्या अनंत आहेत, त्यामुळे 'सर्वांत मोठी' असं म्हणताना नेहमी 'माहीत असलेली' हे शब्द जोडावेत.

*घातांक म्हणून हीच संख्या वापरली तर?*
३ वरून ७, ७ वरून १२७, ३१ वरून २,१४,७४,८३,६४७ अशी साखळी दिसते : ज्यांचा घातांक स्वतःच मर्सेन मूळ आहे अशा या मूळ संख्या. पण २ चा २,१४,७४,८३,६४७ वा घात वजा १, ही सुमारे ६४.६ कोटी अंकी संख्या संयुक्त आहे. तिला २९५२५७५२६६२६०३१ ने भाग जातो.

*गेममध्ये हाच आकडा कमाल का असतो?*
गेमने नाणी ३२ बिटच्या जागेत ठेवलेली असतात म्हणून. 'रूनस्केप' या ऑनलाइन गेममध्ये नाण्यांच्या एका ढिगाची मर्यादा नेमकी हीच आहे.

*६४ बिट केलं की प्रश्न कायमचा सुटला का?*
व्ह्यूज, नाणी, सेकंद यांच्यासाठी व्यवहारात हो. पण ते प्रत्येक ठिकाणी करावं लागतं. एका जरी जुन्या दुव्यात ३२ बिट राहिले तर मर्यादा तिथे उभीच असते.

थोडक्यात

२,१४,७४,८३,६४७ ही मूळ संख्या आहे, हे ऑयलरने दाखवलं आणि ते कधीही बदलणार नाही. ती कॉम्प्युटरची मर्यादा आहे, हे मात्र माणसांनी एका काळच्या सोयीने ठरवलेलं आहे आणि ते बदलता येतं. पुढच्या वेळी एखाद्या स्क्रीनवर हा आकडा दिसला, तर तो खरा आकडा आहे असं धरून चालू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ इतकाच असतो की खरा आकडा याहून मोठा होता आणि त्याला जागा अपुरी पडली.